खुंटीचे बावीस गुणधर्म

लिफ्टचा दोर तुटला तर लिफ्ट खाली येते, ही गोष्ट कारखान्यात सर्वांना मान्य होती. त्याविषयी कधी मतभेद झाल्याची नोंद नाही. म्हणूनच लिफ्टच्या प्रत्येक पाळण्याला दोन्ही अंगांना एकेक खुंटी बसवलेली असे. अंगठ्याएवढी जाड, वीतभर लांब आणि पोलादी. दोर सैल पडला की मागची स्प्रिंग खुंटीला तिच्या घरातून बाहेर ढकलणार, ती शेजारच्या रुळाच्या भोकात घुसणार आणि पाळणा आतल्या माणसांसकट जागच्या जागी थांबणार. खुंटीला आयुष्यात दुसरं काम नव्हतं. दोर तुटत नसल्यामुळे तेही करायची पाळी तिच्यावर कधी आली नव्हती.

या खुंट्या गेली सव्वीस वर्षं एकच माणूस लेथवर कातत होता. त्याला सगळे सूतभर म्हणत, कारण "सूतभर चूक म्हणजे काय, चूकच ना?" हे वाक्य तो दिवसातून दहादा ऐकवी. त्याला स्वतःच्या हाताचा गर्व होता आणि तो जरुरीपेक्षा थोडा जास्तच होता. घरी कपाटाचं दार किंचित तिरकं बसलं असलं तरी त्याला जेवण गोड लागत नसे, आणि ते सरळ करेपर्यंत तो बायकोलाही जेवू देत नसे.

त्याच्या लेकीने अकराव्या मजल्यावर नवं घर घेतलं होतं. त्या इमारतीची लिफ्ट याच कारखान्यातून जायची होती आणि लेकीला सातवा महिना लागला होता. "बाबा, आता मी तुमच्याच खुंटीच्या भरवशावर वर-खाली करणार," असं ती म्हणाली तेव्हा सूतभरची मान आणखी दोन बोटं उंच झाली होती.

घोडं अडलं ते संचालकांच्या सासूबाईंपाशी. संचालकांच्या घरच्या लिफ्टमध्ये प्रत्येक मजल्यावर 'खट्ट' असा आवाज व्हायचा. पोलादी खुंटी पोलादी घरात जरा हलायची, त्याचा तो आवाज. सासूबाईंना तो अपमानास्पद वाटला. जावई मुद्दाम करतो आहे, असं त्यांनी दोन वेळा बोलूनही दाखवलं. पुढच्याच सोमवारी कारखान्यात 'धातू व प्लास्टिक यांच्या गुणधर्मांचा तौलनिक अभ्यास करून सुयोग्य खुंटीची शिफारस करणारी समिती' स्थापन झाली.

समितीचे अध्यक्ष खरेदीप्रमुख होते. त्यांनी आयुष्यात खुंटी हातात धरली नव्हती, त्यामुळे ते निःपक्षपाती आहेत याविषयी कुणालाच शंका नव्हती. दुसरे सदस्य कर्मचारी अधिकारी. तिसरे बाहेरून बोलावलेले सल्लागार. त्यांनी पूर्वी शांपूच्या बाटल्यांच्या झाकणांवर मोठं काम केलेलं होतं.

समितीने तीन आठवडे खपून एक तक्ता तयार केला. त्यात बावीस गुणधर्म होते. वजन, गंज, आवाज, तेलाची गरज, रंगांची विविधता, हाताला लागणारा थंडपणा, वास, छायाचित्रातली शोभा, नावीन्य, वगैरे वगैरे. प्रत्येकाला एक गुण. सतराव्या क्रमांकावर 'बळकटी' होती. नायलॉनला एकोणीस गुण मिळाले, पोलादाला तीन. निकाल जाहीर करायच्या बैठकीला सूतभरला साक्षीदार म्हणून बोलावलं होतं.

"साहेब, बळकटीला एकच गुण?" त्याने विचारलं.

"समिती भेदभाव करत नाही," अध्यक्ष म्हणाले. "रंगालाही एकच दिलाय."

"पण खुंटी अंधारात असते हो. तिचा रंग बघणार कोण?"

"आणि बळकटी कोण बघतं?" सल्लागारांनी हसून विचारलं. "मला सांगा, सव्वीस वर्षांत दोर किती वेळा तुटला?"

"एकदाही नाही."

"म्हणजे सव्वीस वर्षांत तुमची बळकटी एकदाही वापरात आली नाही. आवाज मात्र रोज होतो. गंज रोज चढतो. आता तुम्हीच सांगा, महत्त्वाचं काय?"

 सूतभरला चोख उत्तर सुचायचं ते नेहमी घरी जाताना बसमध्ये. खरं तर नायलॉनशी त्याचं वैर नव्हतं. खिडक्यांची चाकं, शिलाई मशीनची दातेरी चक्रं त्याने स्वतः नायलॉनची कातून दिली होती. तेल मागत नाही, गंजत नाही, कुरकुरत नाही, लेथवर तर लोण्यासारखं कातलं जातं. पण ज्या वस्तूने आठ माणसांचा पाळणा अधांतरी धरून ठेवायचा ती हातात घेतल्यावर हलकी लागता कामा नये, एवढं त्याला कळत होतं आणि तेवढंच बोलता येत नव्हतं. बैठकीच्या इतिवृत्तात नोंद झाली की, 'सदर कारागिराचा पोलादाकडे भावनिक ओढा असल्याचे दिसून आले. त्यांच्याशी सहानुभूतीने वागावे.'

त्याप्रमाणे सहानुभूतीने वागून त्याला ऐंशी नायलॉनच्या खुंट्या कातायला सांगण्यात आलं. चाळीस इमारती, प्रत्येकी दोन.

खुंटीचं माप वीस मिलिमीटर. पोलादी खुंटी लेथवरून उतरली की दहा मिनिटांत मोजायची आणि माप कागदावर लिहायचं, असा नियम होता. तपासनीस बाईंनी नायलॉनच्या खुंट्याही तशाच मोजल्या. बरोबर वीस. दुपारी चार वाजता सहज पुन्हा मोजल्या तर त्या निवून बारीक झालेल्या. आठ दिवस दमट गोदामात राहिल्यावर मोजल्या तर विसाच्या पुढे गेलेल्या. बाई शिस्तीच्या होत्या. त्यांनी तिन्ही मापं तीन रंगांच्या शाईने लिहिली आणि कागद समितीकडे पाठवला. तिसऱ्या दिवशी सूतभरच्या लेथवर पत्र येऊन पडलं. 'आपण कातलेल्या खुंट्या पूर्वपरवानगीशिवाय आकार बदलत असल्याचे निदर्शनास आले आहे. आपल्यावर कारवाई का करू नये, याचा लेखी खुलासा करावा.'

लेखी खुलासा करण्यापेक्षा सूतभर स्वतःच समितीपुढे जाऊन उभा राहिला.

"साहेब, त्या मी बदलत नाही. कातताना नायलॉन तापतं, म्हणून तेव्हा जाड लागतं. निवलं की बारीक होतं. आणि मग हवेतलं पाणी पिऊन फुगतं."

"काय पिऊन?" अध्यक्षांनी चष्मा काढला.

"पाणी."

सल्लागारांना हसू आवरेना. "प्लास्टिक पाणी पितं? अहो, मग बादल्या कशाच्या करतात?"

समिती हसली. इतिवृत्तात कंसात 'हशा' अशी नोंद झाली.

"बादलीचं प्लास्टिक वेगळं असतं साहेब."

"म्हणजे आता प्लास्टिका-प्लास्टिकांतही तुम्ही भेदभाव करणार?" कर्मचारी अधिकाऱ्यांनी दुखावल्या आवाजात विचारलं.

"ही खुंटी पोलादाच्या घरात बसते हो. ती फुगली तर घरातच अडकून बसेल. दोर तुटला तर बाहेरच यायची नाही!"

यावर समितीने गांभीर्याने विचार केला. दोर तुटण्याची बाब काल्पनिक असल्याने ती विषयपत्रिकेतून वगळली. मापाचा प्रश्न मात्र खरा होता, कारण तो कागदावर आला होता. त्यावर पहिलं परिपत्रक निघालं ते असं, की खुंटी फक्त सकाळी अकरा वाजून दहा ते अकरा वाजून वीस या वेळेतच मोजावी. त्यानंतर मोजणे हा शिस्तभंग समजला जाईल. परंतु तपासनीस बाईंना मोजायची सवयच लागलेली होती. त्या जेवणाच्या सुट्टीत चोरून मोजतात अशी तक्रार आली. तेव्हा सल्लागारांनी मूळ दुखण्यावरच बोट ठेवलं.

"दोष खुंटीत नाहीच," ते म्हणाले. "दोष गेजमध्ये आहे."

गेज म्हणजे पोलादाची एक कडी. खुंटी तिच्यातून नेमकी गेली तर पास, अडली किंवा ढिली गेली तर नापास. खुंटी फुगते आणि कडी फुगत नाही, म्हणून तंटा होतो. मग कडीही त्याच नायलॉनची केली तर? तीही त्याच गोदामात ठेवली तर? फुगतील तर दोघी मिळून फुगतील, आकसतील तर दोघी मिळून आकसतील. मोजणारं आणि मोजलं जाणारं यांच्यात कायमचा सलोखा राहील.

ही सूचना ऐकून अध्यक्ष खुर्चीतून उठले आणि त्यांनी सल्लागारांचे दोन्ही हात हातात घेतले. नायलॉनची कडी सूतभरकडूनच कातून घेण्यात आली. त्या दिवसापासून एकही खुंटी नापास झाली नाही. कारखान्याच्या इतिहासात पहिल्यांदाच शंभर टक्के माल निर्दोष ठरला आणि फाटकापाशी तसा फलक लागला.

मग भाराची चाचणी झाली. एका खुंटीवर दोन टन टांगले आणि दहा सेकंद मोजून उतरवले. खुंटी तुटली नाही. टाळ्या पडल्या.

"तासभर राहू द्या की साहेब," सूतभर म्हणाला. "ती एकदम तुटत नाही. भार राहिला की हळूहळू वाकते आणि मग निसटते."

"तासभर माणसं लिफ्टमध्ये लोंबकळत राहिली, तर तो दुरुस्ती विभागाचा दोष," अध्यक्ष म्हणाले. "तो विषय आमच्या कक्षेत येत नाही."

आता राहिला एकच कागद. नियमाप्रमाणे खुंटी कातणाऱ्या कारागिराने 'सदर माल मला निर्धोक वाटतो' या ओळीखाली सही करायची असे. त्या सहीशिवाय एकही लिफ्ट सुरू करता येत नव्हती. सव्वीस वर्षं सूतभरने ही सही न वाचता केली होती. या वेळी त्याने ती ओळ वाचली आणि पेन खाली ठेवलं.

"नाही वाटत," तो म्हणाला.

अध्यक्ष रागावले नाहीत. उलट त्यांनी चहा मागवला. "अहो, तुमचा तर आम्ही सन्मान करतोय. पहिल्या दोन खुंट्या कुठे बसणार माहीत आहे? तुमच्या लेकीच्या इमारतीत! समितीचा एकमताने ठराव आहे."

सूतभरने चहा घेतला नाही. त्या घटकेला त्याला समितीची, त्या कपाची, फाटकावरच्या फलकाची आणि ती कडी स्वतःच्या हाताने कातून दिल्याबद्दल स्वतःचीही मनापासून किळस आली. सही न करता तो उठून गेला आणि पुढचे पंधरा दिवस त्या कागदाकडे फिरकला नाही.

पंधराव्या दिवशी तो लेकीकडे गेला. अकरा मजले चढताना तीनदा थांबला. दार उघडलं तेव्हा लेक भिंतीला धरून उभी होती. तीही नुकतीच दवाखान्यातून परतली होती, याच जिन्याने.

"बाबा, लिफ्ट बसून तयार आहे हो. आत दिवा लागतो, पंखा फिरतो, फक्त चालत नाही. पहारेकरी म्हणतो, कुठल्या तरी कागदावर कुणाची तरी सही राहिलीये. कोण आहे हो हा माणूस?"

"बघतो," सूतभर पायांतल्या चपलांकडे बघत म्हणाला. "चौकशी करतो."

"बघाच. आणि भेटला तर त्याला माझ्याकडे पाठवा. आठव्या महिन्यात एकदा हे अकरा मजले चढवते मी त्याला."

तिच्या पायांना सूज आली होती. सूतभर पाणी प्यायला, आणि मी तो माणूस, हे काही त्याच्या तोंडून निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने लेथ चालू केला. अडगळीतला पोलादी गज काढला आणि दोन खुंट्या कातल्या. असं काम त्याच्या हातून कित्येक दिवसांत झालं नव्हतं. मग दोन्हींची डोकी नायलॉनसारख्या पांढऱ्या रंगाने रंगवली, कारण घरात बसल्यावर खुंटीचं डोकं तेवढं बाहेरून दिसतं. सहीअभावी लेकीच्या इमारतीच्या खुंट्यांची पेटी कारखान्यातच अडून होती; रंग वाळल्यावर त्या तिच्यात नायलॉनच्या जोडीऐवजी ठेवल्या आणि पेटी तपासनीस बाईंपुढे नेली.

बाईंनी खुंटी कडीत घातली. ती आत डुगडुग हलली. कडी फुगलेली होती आणि खुंटी बिनचूक वीसची होती.

"काका, ही नापास," बाई म्हणाल्या. "मापात बसत नाही." मग त्यांनी खुंटी तळहातावर तोलली. एकदा तोलली, पुन्हा तोलली. दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "रंग नुसता डोक्यालाच आहे, काका. ही पोलादाची आहे ना?"

सूतभर बोटांना लागलेला पांढरा रंग चिंधीने पुसू लागला.

"माझं घर सहाव्या मजल्यावर आहे," बाई म्हणाल्या. "यादीत आमचीही इमारत आहे. मला अशी एक जोडी द्याल?"

त्याने मान डोलावली. बाईंनी कागदावर 'पास' असा शिक्का मारला, आणि तो नेहमीपेक्षा जरा सरळ मारला.

त्याच दुपारी सूतभरने सही केली. अडचण एवढीच होती, की सही एकट्या लेकीच्या लिफ्टपुरती करता येत नव्हती. एका सहीखाली चाळीस इमारती होत्या.  चांगली वळणदार सही आली, खाली तारीखही टाकली. बाकीच्या इमारतींतल्या माणसांना त्याने पाहिलेलं नव्हतं, आणि न पाहिलेल्या माणसांचे पाय सुजलेले दिसत नाहीत. दोन दिवसांनी खुंट्या बसल्या आणि लेकीने संध्याकाळी फोन केला. "बाबा, लिफ्ट सुरू झाली! त्या माणसाला माझ्याकडून थँक्यू सांगा." त्याने सांगतो म्हटलं.

बाईंनी ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही. फक्त गोदामवाल्याला सांगितली, कारण गज त्याच्या ताब्यात होता. गोदामवाल्याचा भाऊ नवव्या मजल्यावर राहत होता. त्याने फक्त फिटरला सांगितलं, कारण खुंट्या बसवणार तोच होता. फिटरच्या सासरची इमारतही यादीत निघाली. बघता बघता जेवणाच्या सुट्टीत सूतभरच्या लेथपाशी रांग लागू लागली. लोक चिठ्ठीवर पत्ता लिहून आणायचे, आपण कुणाकडून आलो ते कानात सांगायचे. सूतभरने त्यासाठी एक वही केली.

एक दिवस रांगेच्या शेवटी अध्यक्ष उभे दिसले. काखेत समितीचा अहवाल होता. रांग आदराने बाजूला झाली.

"मला व्यक्तिगत पातळीवर थोडा तौलनिक अभ्यास करायचा आहे," ते घसा साफ करून म्हणाले.

"कितवा मजला, साहेब?"

"चौदावा." अध्यक्षांचा आवाज एकदम उतरला. "आई असते हो घरी. रोज खाली फिरायला जाते."

"आणि साहेब, तक्ता? बावीस गुणधर्म?"

"तक्ता सर्वसाधारण ग्राहकासाठी आहे," अध्यक्ष म्हणाले. "जमलं तर आधी करा. आणि सल्लागारांनाही एक जोडी हवी आहे, पण त्यांना इथे येणं प्रशस्त वाटत नाही."

सूतभरने वहीत दोन ओळी लिहिल्या. त्याच्या मनात अध्यक्षांविषयी जेवढा तिरस्कार होता तेवढा सगळा वर आला, आणि वही मिटताना तिच्यातलं पहिलं नाव स्वतःच्या लेकीचं दिसल्यावर तो मुकाट्याने गिळावा लागला. मग त्याला वाटलं, निदान एक तरी सरळ काम करावं. तो रांगेकडे वळून मोठ्याने म्हणाला, "मी काय म्हणतो, आता सगळ्यांनाच पटलंय, तर सगळे मिळून वर सांगू या ना. ऐंशीच्या ऐंशी पोलादाच्याच करू. दोन आठवड्यांचं काम आहे. मी एकटा करतो."

 रांगेतले लोक त्याच्याकडे असे बघू लागले, जणू त्याने कुणाच्या तरी तोंडचा घास काढून घेतला.

"काका, असं कसं?" शेवटी तपासनीस बाईच बोलल्या. "सगळ्यांनाच मिळाली, तर मग आपण कारखान्यात असून काय उपयोग?"

"ओळख-पाळख कशाला ठेवायची मग माणसाने?" गोदामवाला म्हणाला. अध्यक्षांनी या विचाराला अनुमोदन दिलं. आठवडाभरात परिपत्रक निघालं, की जेवणाच्या सुट्टीतला लेथ 'कर्मचारी व आप्तेष्ट कल्याण योजने'खाली चालेल. शिफारशीशिवाय कुणाचीही चिठ्ठी घेऊ नये. सूतभरने ते वाचलं, घडी घालून वहीत ठेवलं आणि पुढचा गज लेथला लावला.

चाळीसही लिफ्ट आता सुरू आहेत. सासूबाई समाधानी आहेत. समितीचा अहवाल इतर कारखान्यांनी अभ्यासासाठी मागवला आहे. अकरा इमारतींत खुंटीचं फक्त डोकं पांढरं आहे आणि एकोणतीस इमारतींत ती आरपार पांढरी आहे. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. दोर अद्याप कुठेही तुटलेला नाही, तेव्हा काळजीचं कारण नाही.

आपण राहता त्या इमारतीतली लिफ्टही हल्ली फार मऊ चालते, हे तुम्हाला आत्ता आठवलं असेल. इथवर तुम्ही समितीला हसलात, हे चांगलंच केलंत. याची कुठे तरी तक्रार करायला हवी, सगळ्यांच्याच खुंट्या बदलून घ्यायला हव्यात, असा विचारही तुमच्या मनात आला असेल. पण तो दुसरा. त्या कारखान्यात आपल्या ओळखीचं कोण आहे, हा पहिला. आणि कुणी तरी आठवलंही ना? मग पत्ता आणि मजला लिहून त्याच्याकडे देऊन ठेवा. सूतभर सध्या फार कामात आहे, पण आपल्या माणसाला तो नाही म्हणत नाही.